बोटभर कागद

रद्दीवाल्याकडे मिळालेलं दोनशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी छापील चित्र मी फ्रेम करायला नेलं. जहाज बुडालंय, वाचलेली माणसं होडीत दाटीवाटीनं बसलीत आणि समोरून लाट चढून आलीय.

“तयार फ्रेम आहे, साहेब. फक्त खालून बोटभर कापावं लागेल,” फ्रेमवाले काका चित्रावर पट्टी ठेवत म्हणाले.

“कापा.”

पातं कागदाला टेकलं आणि मला अगदी खालच्या कडेला पाण्यातून वर आलेला हात दिसला. होडीतलं कुणीच तिकडे बघत नव्हतं.

“थांबा!” मी ओरडलोच.

काकांनी चष्मा पुसून पाहिलं आणि पातं बाजूला ठेवलं. “मोठी फ्रेम बनवू,” ते हलक्या आवाजात म्हणाले.

होडीतल्यांना मी मनात निर्दय म्हणणार होतो. पण त्यांना निदान स्वतःचा जीव वाचवायचा होता. मी तर न बघताच ‘कापा’ म्हटलं होतं, तयार फ्रेम होती म्हणून.