अवसेच्या दिवशी उतरलेला फोटो

माझ्या धाकट्या बहिणीचा एकही फोटो आमच्याकडे नव्हता. लोकांना खोटं वाटतं. पण लेण्याद्रीच्या पायथ्याला ताक-काकडी विकणाऱ्या बायांच्या घरी कॅमेरा कुठून येणार? लग्नाचा अल्बम तेवढा होता, तो तिच्या सासरी, वारूळवाडीला. कावीळ होऊन ती गेली तेव्हा तिची लेक अजून अंगावर पीत होती. वर्षाच्या आत तिच्या नवऱ्यानं दुसरं लग्न केलं, आणि गेलेलीची सावली नव्या संसारावर नको म्हणून सासूनं तो अल्बम मीना नदीत सोडला.

नव्या बायकोच्या गळ्यात रीतीप्रमाणे सवतीची, म्हणजे मेलेल्या पहिल्या बायकोच्या नावाची, पुतळी आली. चांदीची, एवढीशी. पोरगी कळती झाली, आईचं विचारायला लागली, की तिला ती पुतळी दाखवायचे. "ही तुजी आई." मला हे कळलं तेव्हा अंगाचा नुसता तिळपापड झाला! पण दुसऱ्याच्या घरात आपण काय बोलणार?

मग एका चतुर्थीला पुण्याचा एक डोंगर-किल्ले भटकणारा माणूस आमच्या पाटीशी थांबला. बहीण चतुर्थीच्या गर्दीत माझ्या मदतीला यायची तेव्हा दरवर्षी यायचा, मधली काही वर्षं दिसला नव्हता. "त्या दुसऱ्या ताई दिसत नाहीत?" म्हणाला. मी सांगितलं. त्यानं डोक्यावरची टोपी काढली. मग म्हणाला, "मी त्यांचा फोटो काढला होता. आम्हा भटक्यांचा इंटरनेटवर फोरम आहे, त्यावर टाकलाय." फोरमचं नाव दोनदा सांगितलं आणि गर्दीतून पायऱ्या चढून गेला.

आईनं त्याच दिवशी नातीला निरोप धाडला, दिवाळीला ये, तुजी आई दावते. मी म्हटलं, "अगं, बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी! आधी मिळू तर दे." ऐकेल तर ती आई कसली.

जुन्नरच्या स्टँडजवळ सायबर कॅफे होता. चालवणाऱ्याला सगळे भाऊ म्हणत, भला माणूस. त्यानं फोरम शोधून काढला, पण फोटोच्या जागी नुसती लाल फुली. लाईन धिमी, म्हणून त्यानं चित्रं बंदच ठेवली होती. चालू केली तर फोरम म्हणे, आधी सभासद व्हा. झालो. मंजुरी येईस्तोवर माझे किती हेलपाटे झाले. मग फाईल उतरली, तर आत सगळी मुंग्यांसारखी अक्षरं. भाऊनं फाईलच्या नावाचं शेपूट बदललं तेव्हा कुठं फोटो उघडला, वरून खाली, हळूहळू. आभाळ. पायऱ्या. डोक्यावरचा पदर. कपाळ. आणि कुंकवाच्या खाली सगळं करडं. लाईन मध्येच तुटली होती.

"अरे देवा, डोळ्यांपाशीच मरायचं होतं का हिला!" मी ओरडले. बाजूची कॉलेजची पोरं हसली. हसू देत.

पुढच्या खेपेला आईला बरोबर नेलं, आणि त्या दिवशी फोटो पुरता उतरला. तीच होती. हातात ताकाचा तांब्या, कुणावर तरी खेकसायच्या बेतात. माझे डोळे भरून आले. आई पडद्याला हात लावून बसली. "वाळलीय," एवढंच म्हणाली.

"लगेच प्रिंट काढू का?" भाऊनं विचारलं. मी हो म्हणणार, तोच आई म्हणाली, "आज अवस हाय. मेल्या माणसाचं तोंड अवसेला घरात न्हेत्यात व्हय? उद्या काढ."

"आये, डोकं फिरलं का तुजं?"

"एक डाव गेली ती. आता यायची तर चांगल्या दिवशी येऊ दे."

 भाऊनं फोटो कॉम्प्युटरमध्ये ठेवून दिला आणि आम्ही घरी आलो.

संध्याकाळी भारनियमनात वीज गेली. पोरं नको ते साठवून ठेवतात म्हणून भाऊनं अशी सोय करून घेतली होती, की कॉम्प्युटर बंद होऊन चालू झाला की सगळा कोरा. फोटो ठेवताना ते त्याच्या ध्यानातच राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी तो आमच्या नजरेला नजर देईना. परत उतरवू म्हणाला, तर फोनची लाईनच बंद. ती चालू झाली तोवर फोरमवाल्यांनी जागा पुरत नाही म्हणून जुने फोटो काढून टाकले होते. त्या माणसासाठी तिथं मजकूर लिहून ठेवला. उत्तर आलं नाही.

मी आईला नको नको ते बोलले. तुझ्या अवसेनं तिला दुसऱ्यांदा खाल्लं, म्हणाले. आई चुलीपुढं बसून भाकरी थापत राहिली.

दिवाळीत पोरगी आली. हातातली पिशवी खाली न ठेवताच म्हणाली, "आजी, दाव." आई उठून आत गेली. मग मीच सांगितलं, फोटो गेला.

पोरगी रडली नाही. "पर तू बगितला ना? मंग सांग, कशी व्हती?"

एरवी माझ्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालतो. सांगायला बसले. सावळी. नाक सरळ. डोळे मोठे. कपाळाला कुंकू, डोक्यावर पदर. मला वाटलं आणखी लई काही सांगता येईल, पण पुढं शब्दच सुचेना.

पोरीनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मावशे, अशा तर समद्याच बाया असत्यात."