लाल पट्टीखालचं पाणी

गफारचाचांचं काम असं, की ते नीट झालं तर कुणाला दिसायचंच नाही. निजामाच्या राजवटीच्या शेवटच्या वर्षांत नळदुर्गाजवळच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, ते आगीच्या पंपावर होते. कापसाला ठिणगीचं भय, म्हणून छताखालून नळ फिरवले होते. नळांना तोट्या, तोट्यांची तोंडं डाखानं, म्हणजे आचेनं चटकन वितळणाऱ्या धातूनं, बंद. आग लागली की डाख वितळावा, वरून पाणी कोसळावं आणि चाचांनी इंजिन लावून हौदातलं पाणी वर चढवत राहावं. आग काही लागत नव्हती. पंप मात्र दर सोमवारी चालवून बघावा लागे. त्या इंजिनाचा दांडा फिरवून चाचांची पाठ गेली होती. दुसऱ्या कुणाला ते चालू होत नसे, त्यामुळं रजेचं नाव नको.

"नवरदेवाचा पत्ता न्हाय, अन् वरात दर सोमवारी!" लोक चिडवायचे. चाचांना हसायचाही कंटाळा यायचा.

पंप तपासताना पाणी कुठंतरी सोडावं लागतं. ते परत हौदात नेणारा नळ होता, पण चाचा बाजूची तोटी उघडायचे. जिनाच्या भिंतीला लागून मजुरांची वस्ती, तिथली विहीर माघातच आटायची. बायका घागरी घेऊन रांगेत बसायच्या. हौदात आतून लाल पट्टी ओढलेली होती. पाणी तिथवर उतरलं की तोटी बंद, खालचं पाणी आगीचं.

त्या चैत्रातल्या एका सोमवारी पट्टी उघडी पडली तरी रांगेतली पार्वतम्मा राहिलीच होती.

"चाचा, येक घागर भरू द्या की. सून बाळंतीण हाय, घरात थेंब न्हाय."

"पट्टी दिसायली, बाई."

"आग काय आजच लागणार हाय व्हय?"

वाद घालायचं त्राण चाचांत नव्हतं. तोटी सुरू राहिली. मग मागच्या दोघीचौघींना नाही तरी कसं म्हणायचं? बंद केली तेव्हा पाणी पट्टीखाली हातभर गेलं होतं.

आग त्याच दुपारी लागली. सरकी काढलेल्या रुईच्या ढिगानं पेट घेतला, डाख वितळला, पाणी कोसळलं. एरवी छळणारं इंजिन पहिल्याच फेरीत लागलं. ज्वाळा बसत आल्या. वस्तीकडच्या कोपऱ्यात तेवढी धग उरली होती, आणि तेवढ्यात पंप नुसती हवा ओढू लागला. हौद कोरडा पडला होता.

चाचांनी इंजिन बंद केलं. "म्याच घालवलं," एवढंच म्हणाले.

तेवढ्यात त्यांची बायको कुलसुमबी घरातली भरली घागर घेऊन आली आणि तिनं ती धगीवर ओतली. तिच्या मागं सगळी रांग आली, सकाळचीच. आठवडाभराचं पिण्याचं पाणी बायका आगीत ओतत होत्या. शेवटी पार्वतम्मा.

"ती ऱ्हाऊ द्या, बाई," चाचा म्हणाले. "बाळंतीण हाय घरात."

"घरच जळाल्यावर बाळंतिणीला ठिवू कुठं?" म्हणत तिनं घागर उपडी केली.

आग विझली. मालकानं हौद गाड्यांनी काठोकाठ भरून घेतला आणि बाजूच्या तोटीला कायमचं बूच मारायचा हुकूम दिला. मालकाचं चुकलं असं म्हणता येत नाही, याचाच राग येतो. बूच चाचांनीच ठोकलं. इंजिन दुसऱ्या कुणाला लागत नसल्यामुळं नोकरी राहिली.

पुढच्या सोमवारी पंप धडधडला. पाणी हौदातून निघून हौदातच पडत होतं. बायका रिकाम्या घागरी घेऊन भिंतीशी उभ्या होत्या, त्यांत कुलसुमबीही. कुणी भांडलं असतं तर चाचांना बरं वाटलं असतं.

"आज न्हाय," ते कुलसुमबीला म्हणाले. "कवाच न्हाय आता."

"ठावं हाय, अजी. पंपाचा आवाज आला, पाय आपसूक निघाले."

चाचांनी हौदात पाहिलं. लाल पट्टी पाण्याखाली बुडालेली होती. त्यांनी इंजिनाच्या दांड्यावर डोकं टेकलं आणि सगळ्यांदेखत रडले.