अवेळची आंघोळ

त्या उन्हाळ्यात आमच्या कॉलनीत पाणी आठवड्यातून एकदा यायचं, तेही आलं तर. शहर मात्र वाढत सुटलं होतं. समोरच्या माळावर इमारतीवर इमारत चढत होती, बांधकामाला टँकरमागून टँकर येत होते आणि ते बघून माझं डोकं फिरायचं. आम्ही वरच्या खोलीत भाड्यानं राहायचो. घरमालकीण काकू खाली. गच्चीवरच्या टाकीवर त्यांचा असा पहारा की सकाळची एकेक बादली झाल्यावर नळाची तोटी फिरली तरी खालून हाक यायची.

आम्ही दोघं तिशी उलटलेले नोकरदार. आम्ही एकमेकांचे होतो, एवढं सोडून काकूंना आमचं सगळं माहीत होतं. मी क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवायचो. तो वाळूजच्या कंपनीत, मूळचा गंगापूरकडचा, शेतकऱ्याच्या घरचा. चारचौघांत तो मला सर म्हणायचा. खोलीत काय म्हणायचा ते सांगत नाही.

एकदा त्याच्या सुट्टीच्या दुपारी निरोध संपलेले निघाले. ओळखीच्या दुकानात मागायची लाज आणि लांबच्या दुकानापर्यंत जायला रणरणतं ऊन. आम्ही तसंच पुढं गेलो. नंतर मात्र दोघंही पंख्याकडं बघत पडून राहिलो. एकत्र येऊन आम्हाला काही महिनेच झाले होते. त्याआधी दोघांच्याही आयुष्यात माणसं येऊन गेली होती आणि रक्त तपासायचं धाडस दोघांपैकी एकानंही केलं नव्हतं.

"काय होणार नाय ना?" त्यानं विचारलं.

मला भीती वाटत होती. पण शिक्षकाला माहीत नाही म्हणता येत नाही. जंतू म्हटला की रसायनानं मरणारच, असं ठासून सांगत, काकूंच्या दुपारच्या झोपेचा फायदा घेऊन मी बादली भरली आणि तिच्यात जंतुनाशकाची अर्धी बाटली ओतली. पाण्यात किती घालायचं ते बाटलीवर छापलेलं होतं. मी ते वाचलं नाही, कारण मी रसायनशास्त्राचा शिक्षक होतो.

पहिला तांब्या त्यानं घेतला आणि मला अशी शिवी घातली की तसली मी गंगापूरच्या बाजारातही ऐकली नव्हती. तो उगाच नखरे करतोय असं मला वाटलं. मग दुसरा तांब्या मी घेतला. ती आग शमवायला साध्या पाण्याची बादली लागली, मग आणखी एक, आणि बघता बघता टाकीनं तळ गाठला. नळातून नुसता सूं सूं आवाज यायला लागला तेव्हा दार वाजलं.

दारात काकू. भांडायलाच आल्या होत्या. पण समोर भरदुपारी डोक्यावरून आंघोळ केलेले, ओल्या केसांचे, तोंडं उतरलेले दोघंजण बघून त्यांचा राग ओसरला. दुष्काळात अशी अवेळी आंघोळ कुणी कशासाठी करतं, हे त्यांच्या घरात पोरासोरांनाही माहीत होतं.

"कोण गेलं?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"याचे चुलते," मी म्हणालो.

त्याला एकच चुलता होता आणि तो ठणठणीत होता. माझ्याकडं तो असा बघत राहिला की काकूंना ते दुःखच वाटलं. त्यांनी पाण्याचं अवाक्षर काढलं नाही. उलट, अजून इथं काय करताय, माती व्हायच्या आत निघा, म्हणून आम्हाला घराबाहेर काढलं आणि कोपऱ्यावरून रिक्षा बोलावून दिली. जिना उतरताना तो पाय फाकवून, भिंतीला धरून चालत होता. काकूंनी डोळ्याला पदर लावला.

आता गंगापूरला तर जायचं नव्हतं आणि परतही येता येईना. क्रांती चौकापर्यंतच्या प्रत्येक गतिरोधकावर तो माझ्या खानदानाचा उद्धार करत होता. चौकात उतरलो. ऊन मी म्हणत होतं. तिथं मला त्वचारोग आणि गुप्तरोगाची पाटी दिसली. एरवी त्या पाटीखालून मी मान वळवून जायचो. "चल," तो म्हणाला, "नायतरी चुलता मारलायच तू."

आत डॉक्टरबाई होत्या. मी घसा खाकरून विषयाला लांबून हात घालत होतो, तोवर त्यानं सगळं सांगून टाकलं, बाटलीसकट. बाईंनी बाकी सगळं शांतपणे ऐकलं, बाटलीवर मात्र त्या भडकल्या.

"आजार धुऊन जात नाही हो. धुवायचंच तर बाहेरून, साधं पाणी आणि थोडा साबण. आत काही ओतायचं नाही. औषधानं कातडी सोलवटली की उलट आजाराला वाट मिळते."

मग त्यांनी सांगितलं की संबंधानंतर तीन दिवसांच्या आत सुरू केल्या तर एचआयव्ही रोखायच्या गोळ्या असतात, आणि जितक्या लवकर तितकं बरं. तुम्ही त्याच दिवशी आलात हे एकच शहाण्यासारखं केलंत, असं त्या म्हणाल्या. ते शहाणपण काकूंचं होतं हे मी सांगितलं नाही. दोघांचं रक्त घेतलं, गोळ्या सुरू झाल्या. पहिला अहवाल चांगला आला, पण बाईंच्या मते तेवढ्यावर विसंबायचं नव्हतं. खरं काय ते काही महिन्यांनंतरच्या तपासणीत कळणार होतं.

गोळ्यांनी आम्हाला मळमळायचं. आमची सुकलेली तोंडं बघून काकू पिठलं-भात पाठवायच्या आणि गेलेला माणूस फारच जीव लावणारा असावा म्हणायच्या. मला रात्री झोप लागायची नाही. त्याला माझ्यामुळं काही झालं तर, हा एकच किडा डोक्यात. स्वतःचा विचार नंतर यायचा. आम्ही एकमेकांना कधी बोल लावला नाही, पण एका ताटात जेवायचं दोघांनीही सोडलं होतं. जेवणानं काही होत नाही हे बाईंनी बजावलं होतं, तरीही.

शेवटचा अहवाल आणला त्या दिवशी तो आम्ही बाईंसमोरच वाचला. दोघांनाही काही नव्हतं. त्यानं कागद घडी करून खिशात घातला. आम्ही घरी आलो.

ओट्यावर काकूंसमोर एक फेटेवाला म्हातारा चहा पीत बसला होता. चुलता. मोतीबिंदू दाखवायला गावाहून आला होता. खोली गेली, असं मी धरूनच चाललो. काकूंनी एकदा माझ्याकडं रोखून बघितलं आणि मग म्हाताऱ्याकडं वळून सरळ सांगितलं, "तुम्ही गेल्याची बातमी आली होती हो. खोटी निघाली ते बरं. आयुष्य वाढलं."

ते ऐकलं आणि तो मटकन पायरीवर बसला. चुलत्याच्या गुडघ्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडायला लागला.

"अरं, जित्ता हाय मी," म्हातारा गहिवरून त्याची पाठ चोळू लागला. "एवढा जीव हाय व्हय रं माझ्यावर? उगी, उगी."

काकूही रडल्या. मलाही रडायचं होतं, त्याच्याइतकंच. पण त्या ओट्यावर माझा कुणी चुलता नव्हता. "येतो," म्हणून मी वर गेलो, मोरीचं दार लावलं आणि पोटभर रडलो. तोंड धुवायला नळ सोडला. खालून हाक आली नाही.