उंबऱ्यातला खिळा

वाचनालयाचे चिटणीस पुस्तक परत घेताना दर वेळी विचारतात, "काय बाई, अंगावर काटा आला की नाही?" भुताची पुस्तकं मी मागते याचं त्यांना नवल वाटतं. लोणावळ्यातल्या बायका व्रतकथा नेतात, फार तर संसारी कादंबरी. मी या हिवाळ्यात तीन भुताची पुस्तकं वाचली. हौस म्हणून नाही वाचली.

पहिल्यात घाटातला एक बंगला आहे आणि त्यात कायम बंद असलेली खोली. ती उघडताच नायकाला अत्तराचा वास येतो. लेखकानं बंद खोली कधी झाडलेली नाही. आमच्याकडे पावसाळाभर बंद राहिलेली खोली उघडली की बुरशीचा आणि उंदरांच्या लेंड्यांचा वास येतो. दुसऱ्यात दिवे आपोआप विझतात आणि बाई किंचाळते. या लढाईच्या दिवसांत रॉकेल मिळत नाही, आमचे दिवे रोजच विझतात. कोणी किंचाळत नाही. दोन्ही पुस्तकं वेळ जायला बरी आहेत, कोणाचं त्यांनी वाकडं होणार नाही.

तिसऱ्याचं तसं नाही. त्यात बाळंतपणात मेलेली एक बाई हडळ होते आणि पुढे आपल्याच लेकीच्या बाळंतपणाला येऊन नातवंड घेऊन जाते. भाषा चांगली आहे, तेच वाईट. हे पुस्तक माझ्या हातात येण्याआधी माझ्या भाचीच्या सासरी मोठ्यानं वाचलं गेलं होतं.

भाची म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची लेक. बहीण हिच्याच जन्माच्या वेळी गेली, आंदर मावळात, तिच्या सासरी. तिला घराबाहेर काढल्याबरोबर मागे उंबऱ्यात खिळा ठोकला. मसणवटीपासून घरापर्यंतच्या वाटेवर राळे टाकले. हडळ परत यायला निघाली की तिला ते दाणे वेचावे लागतात, वेचता वेचता उजाडतं, आणि ती माघारी जाते असं म्हणतात. माझ्या बहिणीनं जन्मभर दुसऱ्यांचं धान्य निवडलं. मेल्यावरही तिला तेच काम दिलं.

पोर मी वाढवली. तिची आई कशी हसायची, कशी भांडायची, भाकरी कशी जाड थापायची, सगळं तिला सांगितलं. मोठी झाल्यावर तिला आंदर मावळातच दिली. जावई वडगाव स्टेशनवर पोर्टर, वाचायची आवड. सुट्टीला घरी गेला की ओसरीवर बसून आईला आणि बायकोला गोष्टी वाचून दाखवायचा.

सातव्या महिन्यात मी तिला आणायला गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि तिचं माहेर म्हणजे मी. लोणावळ्याच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंशी बोलून ठेवलं होतं. विहीणबाईंनी चहा दिला, गूळ दिला, पोर देईनात.

"पयलं बाळंतपण म्हायेरी, मला काय ठावं न्हाई व्हय? पर हिची आई वाटंवर बसलीया न्हवं!"

"माझी बहीण कोणाच्या वाटेवर बसत नाही."

"आवं इनबाई, छापलंय पुस्तकात! माज्या लेकानं वाचून दाखवलं. आमच्या उंबऱ्याला खिळा हाय, माज्या सासूच्या वक्ताचा. तुमच्या हाय का?"

"नव्हता. आज ठोकते. एक नाही, चार ठोकते. पोर द्या."

"आता ठोकून काय व्हतंय? मढं भाईर पडलं की मागनं ठोकाया लागतो. तुमच्या घरातनं कोन गेलंय?"

माझ्या घरात कोणी मेलं नाही, हा माझा दोष ठरला. मी जावयाकडे वळले. "जावईबापू, स्टेशनात गाडीला हिरवं निशाण दाखवता, घरात भूत दाखवता काय?"

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "मावशी, मी नुसतं वाचलं हो. आईच्या मनानं घेतलं."

मी पोरीकडे पाहिलं. "तू बोल."

ती पदर नीट करत आत गेली. मी एकटीच वडगावपर्यंत चालत आले.

दिवस भरले आणि मूल आडवं आलं. सुईण होती, पण आडवं मूल तिच्या हातचं नव्हतं. डोलीत घालून वडगावला आणली, तिथून गाडीनं लोणावळ्याला. नर्सबाईंनी पोर वाचवली, मूल नाही. विहीणबाई दवाखान्याच्या पायरीवर बसून म्हणाल्या, "आली व्हती ती. नेलं तिनं." मी त्यांना तिथून उठायला सांगितलं.

पोर माझ्याकडे आली, अजून आहे. आता चालती-फिरती झाली आहे. आल्या दिवशी दिवेलागणीला तिनं मला हाक मारली. "मावशी, उंबऱ्याला खिळा आहे ना?"

"कशाला?"

"आई येईल."

लहानपणी आईची साडी उशाला घेऊन झोपणारी ही पोर. त्या तिसऱ्या पुस्तकाच्या लेखकाला कौतुकाची पत्रं येत असतील. मला त्याला एवढंच सांगायचं आहे की बाळंतीण का मेली हे त्याच्या पुस्तकात एका ओळीनंही नाही. ताप आला का, रक्त गेलं का, कोणी कुठे नेलं नाही का? ती मेल्यावरच त्याला तिची आठवण झाली.

पोरीची समजूत काढायचा मी दोन दिवस प्रयत्न केला. ती जेवेना आणि दाराकडे पाठ करेना. तिसऱ्या दिवशी मी माळ्यावरची हातोडी काढली, एक लांब खिळा घेतला आणि उंबऱ्यात ठोकला. माझ्या बहिणीसाठी, माझ्या हातानं. पोर उभी राहून बघत होती. "अजून थोडा आत," म्हणाली. मी अजून एक घाव घातला.

मग ती जेवली.

खिळा पुरता आत गेलेला नाही. रोज केर काढताना केरसुणी त्याला अडकते.