कापसाखालची डॉज

आधी अंधार. मग पत्र्याचं मोठं दार कुरकुरत डावीकडून उजवीकडे सरकलं आणि दुपारचं ऊन तिरपं होऊन आत शिरलं. उन्हाच्या मागोमाग एकेक वस्तू उजेडात आली. जमिनीला टेकलेली दोन चाकं, दाराची मूठ, काच. सगळ्यावर रुईची जाड, मळकट लव. जिनिंग सुरू होतं तोवर ती हवेत उडत होती आणि या गाडीवर येऊन बसत होती. लांबून पाहिलं तर एखादी अवाढव्य मेंढी पाय मुडपून बसल्यासारखी वाटावी. फक्त तिच्या तोंडावर, म्हणजे बॉनेटवर, कुणीतरी लालभडक तैलरंग फासला होता. आणि मागच्या सीटवर, उजव्या कोपऱ्यात, एक म्हातारी ताठ बसून होती.

"पाहा काका," श्याम माझ्या कानाशी म्हणाला. "कालपासून बसून हाये. उतरतच नाई."

म्हातारीनं आतूनच उत्तर दिलं. "जेवाले गेली होती ना मी. खोटं काहून बोलतं रे?"

हे तेल्हाऱ्याचं शेषराव पाटलांचं जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना. आता ते बंद आहे, पाटीलही नाहीत. श्याम हा त्यांचा नातू. जागा विकायला काढली, तेव्हा मागच्या शेडमधली गाडी त्याला आठवली. पुण्याच्या कुणी प्रणालीताई जुन्या गाड्या घेतात असं त्याला कळलं. त्यांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला तो हा, की त्या गाडीत बसलेलं कुणी अजून हयात आहे का? म्हणून श्याम मला अकोल्याहून घेऊन आला होता.

मी बसलो होतो खरा. पाटील नाटकवेडे. आमच्या मंडळीचा खेळ तेल्हाऱ्याला असला की अकोला स्टेशनवर आम्हाला घ्यायला हीच डॉज यायची. मुंबईच्या कुठल्याशा वकिलातीतला साहेब मायदेशी गेला आणि पाटलांनी ती लिलावात घेतली. अमेरिकन गाडी, आठ सिलिंडर, स्टिअरिंगचं चक्र डाव्या बाजूला आणि दारं फक्त दोन. मागं बसायचं तर पुढच्या सीटची पाठ वाकवून आत शिरावं लागे. आमचा नायिका करणारा नट एकदा लुगड्यासकट त्यात अडकला आणि त्याला ओढून काढता काढता पहिल्या अंकाची वेळ टळून गेली. पण ती सुरू झाली की! पोटात पखवाज वाजावा तसा आवाज. रस्त्याकडेच्या बकऱ्या बांध ओलांडून पळत आणि आम्ही उपाशी नट दोन कोसांपुरते राजे होत असू.

ती चालवायचा मोतीराम. बारीक, बुटका, चक्राच्या वरून जेमतेम दिसणारा. शब्दाला महाग. डावीकडचं चक्र साऱ्या तालुक्यात त्यालाच जमायचं. मागच्या सीटवर बसून होती ती त्याची बायको, पंचफुलाबाई.

श्याम चहा आणायला गेला. मी स्टूल ओढून गाडीच्या दाराशी बसलो.

"ओळखलं का मला?"

"तुमी थे राजा होनारे भाऊ. मोठ्यानं रडत होते."

"अजून रडतो. पण आता कुणी पैसे देत नाही."

त्या हसल्या. मग बॉनेटकडे बोट करून म्हणाल्या, "तोंड पायलं का तिचं? लगनातल्या घोडीसारखं करून टाकलं."

त्यांची हकीकत मी त्या दुपारी ऐकली. त्र्याऐंशी साली अकोल्याच्या दवाखान्यात त्यांना मुलगी झाली. दीक्षा. सातव्या दिवशी घरी सोडलं. त्याच दिवशी पाटलांना स्टेशनवर मुंबईच्या रेल्वेत बसवून मोतीरामला रिकामी डॉज परत आणायची होती. त्यानं पाटलांना आधीच विचारलं. पाटील म्हणाले, "अरे, इचारतं काय? घेऊन ये लेकराले." त्यानं उजवीकडच्या सीटची पाठ वाकवली आणि बायकोला मागं बसवलं. जिनिंगमध्ये कापसातली कवडी, म्हणजे किडका कापूस, वेचणारी बाई; पाटील पुढं बसत, ती त्यांच्याही मागं, ऐसपैस, मांडीवर सात दिवसांचं लेकरू घेऊन. मग तो पुढं येऊन बसला, हात वर केला आणि आरसा फिरवला.

"म्या म्हटलं, आता हे काय करतं? तं म्हने, हा आरसा मागच्या गाड्या पाहाले असते. माह्या मागं आज तुमी दोघीच हायेत."

अकोल्यापासून तेल्हाऱ्यापर्यंत त्यानं बैलगाडीच्या चालीनं गाडी आणली. मागचे ट्रकवाले भोंगे वाजवून शिव्या देत पुढं गेले. "मी सारखी ओरडत होती, समोर पाय ना, आमाले काय पायतं! तं डोळे आरशातच."

फाटकाजवळच्या खोलीपाशी त्यानं दोघींना उतरवलं. गाडी या शेडमध्ये लावली. दार लोटून घेतो न घेतो तोच पुढं कापसाच्या गंजीला आग लागल्याची आरडाओरड झाली. तो धावला. गंजीच्या पलीकडे दोन बाया अडकल्या होत्या, त्यांना बाहेर काढलं. त्या जगल्या. त्याच्या छातीत धूर भरला आणि दुसऱ्या दिवशी तो गेला.

पाटलांनी परत आल्यावर शेडला कुलूप घातलं आणि किल्ली पंचफुलाबाईंच्या हातात दिली. म्हणाले, "या गाडीले आता कोनी हात लावाचा नाई." दुसरा चालवणारा नव्हताच. बाईंनी पुढं वीस-बावीस वर्षं जिनिंगची झाडलोट केली. इंच न् इंच झाडला, पण या गाडीवर कधी कुंचा फिरवला नाही. दीक्षाला शिकवलं. ती अमरावतीला नर्स आहे, आईला कधीची बोलावते. बाई दोन दिवस जातात आणि परत येतात.

"इथं काय आहे?" मी विचारलं.

त्यांनी पुढं बोट केलं. काचेच्या वर मधोमध असतो तो आरसा. उजवीकडे, मागच्या कोपऱ्याकडे वळलेला. त्र्याऐंशी सालापासून तसाच.

"त्याले जिथून मी दिसत होती, तिथून मले थो दिसत होता. दोघाचे डोळे आरशात. म्हनून मी इथंच बसतो. दुपारी. आरशात त्याची जागा दिसते."

"आणि तो?"

"थो कसा दिसन, भाऊ? मेला ना." मग हळूच म्हणाल्या, "पन जागा पायली का तुमी? रिकाम्यासारखी नाई वाटत."

त्यांच्या खाली घडी केलेली गोधडी होती. वयानं अंग आखडलं, उंची कमी झाली, तेव्हापासून आरशाची ती रेघ गाठायला त्यांना खाली काहीतरी घ्यावं लागतं. दरवर्षी घडी थोडी जाड होते. मी आरशाकडे पाहिलं नाही. अकोल्याहून निघताना अंगात असलेली ऊब त्या शेडमध्ये कुठं गेली, कळलं नाही.

श्यामचं चुकलं ते असं. आपल्याकडे बैल बाजारात न्यायचा तर त्याची शिंगं तासून रंगवतात, अंग धुतात, मग दावं धरतात. श्यामनं गाडीचंही तेच केलं. बाईंकडून शेडची किल्ली घेतली आणि अकोल्याहून रंगारी बोलावला. त्यानं बॉनेटवरची लव खरवडली, खालचा मूळ निळा घासून काढला आणि वर लाल मारला. दुसऱ्या दिवशी आतून साफ करायचं ठरलं. तेवढ्यात पंचफुलाबाई गोधडी घेऊन आत जाऊन बसल्या. आत बाई बसली असताना रंगारी कसा काम करणार? तो आपली भांडी घेऊन गेला. श्यामला रागावता येईना. लहानपणी त्यांनीच त्याला खांद्यावर घेऊन जिनिंग दाखवलं होतं.

प्रणालीताई तिसऱ्या प्रहरी आल्या. चाळिशीच्या, पायात कॅनव्हासचे बूट. आल्या त्या दारातच थांबल्या आणि बराच वेळ गाडीजवळ गेल्याच नाहीत. मग गेल्या, वाकल्या, दाराच्या कडेजवळ लवेखालून थोडा निळा दिसत होता तिथं चेहरा नेला. हात लावला नाही. फिरून पुढं आल्या आणि बॉनेट पाहिलं.

"हे कधी केलंत?"

"परवा. मस्त चमकते ना, म्याडम?"

त्यांनी डोळे मिटले. "दोन दिवस आधी यायला हवं होतं मी."

"म्याडम, आमी बैल विकाले नेतो तं शिंगं रंगवतोच ना."

"बैलाचं वय लपवायचं असतं हो. मला हिचं वयच हवंय. रंगवलेल्या गाड्या जगात खूप आहेत. जिला कुणी हात लावला नाही अशी सापडत नाही."

मला त्यांचं म्हणणं पटलं. आमच्या मंडळीच्या पेटीत एक शेला होता. घामानं कडा पिवळ्या पडलेला. कुणीतरी तो एकदा धुऊन टाकला, तेव्हा त्याच्याबरोबर तो पांघरून गेलेले तीन नटही वाहून गेले असं मला वाटलं होतं.

प्रणालीताईंनी मागच्या सीटवरच्या एका डागाकडे बोट केलं. "आजी, हा कसला?"

"दूध. पोरीनं काढलं होतं."

"राहू दे," त्या म्हणाल्या. अगदी हलक्या आवाजात.

मग त्यांनी डावीकडचं दार उघडलं आणि चक्रामागं बसल्या. आणि बसताच, गाडी चालवणारा कुठलाही माणूस करतो तेच त्यांनी केलं. उजवा हात वर गेला, आरशाकडे.

गाडीला हात टेकून मी स्टुलावरून उठू लागलो.

"पोरी," मागून पंचफुलाबाई म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. "त्याले हात नको लावजो. थो पाहून राहिला."

प्रणालीताईंचा हात आरशापासून बोटभर अंतरावर थांबला. तसाच राहिला. मग त्यांनी तो मांडीवर घेतला, दुसऱ्या हातात धरला. त्यांनी आरशात पाहिलं असावं, कारण मानेवरचे केस उभे राहिलेले मला दिसले. काही न विचारता त्या खाली उतरल्या आणि दार इतकं हळू लावलं की आवाजच झाला नाही.

मी त्यांना सगळं सांगितलं. त्या शेडबाहेर जाऊन उन्हात उभ्या राहिल्या. परत आल्या तेव्हा श्यामशी नाही, पंचफुलाबाईंशी बोलल्या.

"आजी, ही जागा विकली की शेड पाडणार. गाडी इथं राहू शकत नाही. दुसऱ्या कुणी घेतली तर धुतील, उकलतील, नवी करतील. मी नेली तर तशीच ठेवीन. हवं तर आरसा काढून तुम्हाला देते."

"आरसा घरी हाये. त्यात मीच दिसतो." बाईंनी मान हलवली. "सुटा आरसा काय कामाचा?"

"मग?"

"तुमच्याकडं त्या सीटवर कोन बसन?"

"कुणी नाही."

"तुमी?"

"मीसुद्धा नाही."

बाईंनी एकदा आरशाकडे पाहिलं. मग त्यांनी गोधडी काखेत मारली आणि स्वतःहून उतरल्या. श्याम म्हणाला, "मावशे, मानलं तुले." त्या म्हणाल्या, "पयले तं तू त्या रंगाऱ्याले मानत होता."

पंधरा दिवसांनी ट्रक आला. रस्त्याच्या धक्क्यानं आरसा हलेल ही भीती होती. प्रणालीताईंनी पुण्याहून कसल्या कसल्या पट्ट्या आणल्या होत्या. पंचफुलाबाईंनी त्या बाजूला सारल्या. शेडच्या कोपऱ्यातून जुनी रुई गोळा केली, आरशाच्या दांडीभोवती दाबून दाबून बसवली आणि वर लुगड्याची चिंधी गुंडाळली. आरसा केसभर हलला नाही. आजही हललेला नाही. दर महिन्याला प्रणालीताई मला फोटो पाठवतात. लाल बॉनेटही त्यांनी तसंच ठेवलं आहे. म्हणतात, तेही आता तिचं वयच झालं.

पंचफुलाबाई त्याच आठवड्यात दीक्षाकडे अमरावतीला गेल्या. पुढच्या चैत्रात वारल्या. मला त्या पुन्हा भेटल्या नाहीत. म्हणून ट्रकच्या दिवसातलं जे उरलं ते सांगतो आणि थांबतो.

चिंधीची गाठ मारून झाल्यावर त्या शेवटचं म्हणून मागच्या कोपऱ्यात जाऊन बसल्या. खाली गोधडी. मांडीवर दोन्ही हात असे, की काहीतरी धरलं आहे. मग मला म्हणाल्या, "भाऊ, तुमी पुढं बसता का एक डाव?"

"मी?"

"नाटकात कोनाच्याबी जागी बसत होते ना. मले एक डाव आरशात कोनीतरी पाहू द्या."

मी प्रणालीताईंकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. ट्रकवाले बाहेर विडी ओढत थांबले. मी डावीकडून आत शिरलो. सीटला बुटक्या माणसाचा खोल खड्डा पडलेला होता, त्यात मी हळूहळू उतरलो. हात चक्रावर ठेवले. मी राजे केले आहेत, मेलेली माणसं केली आहेत. दुसऱ्याच्या जागी कसं उभं राहायचं हे मला येतं, आधी आपला चेहरा रिकामा करायचा. मी केला. मोतीराम बसायचा तसा खांदा उतरवला, मान थोडी पुढं घेतली आणि डोळे वर नेले.

आरशात त्या होत्या. अगदी मधोमध. सुरकुतलेला, शांत, वाट पाहणारा चेहरा. त्या माझ्या डोळ्यांत पाहत होत्या, शोधत होत्या. मी पापणी हलवली नाही. कुठंच काही वाजत नव्हतं. माझ्या मानेमागं, अगदी जवळ, कुणीतरी श्वास रोखून बसावं तसं गार वाटत होतं.

मग त्या पुढं वाकल्या. त्यांचं बोट माझ्या खांद्याला लागलं, नाटकाला मागं बसलेला माणूस पुढच्याला डिवचतो तसं.

"भाऊ, जराक सरका. तुमच्यामुळं त्याले दिसून नाई राहिलं."