नापासभाऊंचा साक्ष नमुना

आमच्या कारखान्यात बोल्ट तपासायला जे गृहस्थ बसतात, त्यांचं खरं नाव पगारपत्रकापुरतं. बाकी सगळे त्यांना नापासभाऊ म्हणतात, आणि हे नाव त्यांना पदवीसारखं वाटतं. एकोणीस वर्षं खिशात मापाचं गेज आणि हातात लाल शिक्का. बोल्ट केसभर अडला की थेट लाल डब्यात. मी पॅकिंगला आहे, त्यामुळे त्यांच्या कृपेने माझा निम्मा दिवस जांभया देण्यात जातो.

लग्नाला आठ वर्षं झाली तरी भाऊंना मूल नव्हतं. वहिनींना दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्याच्या आतच सगळं संपलं. वहिनींच्या तपासण्यांत काही निघेना, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता यजमानांना पाठवा."

भाऊ गेले, पण आधी घरात जाहीर करून गेले. "माझ्यात खोट निघाली तर विषय बंद. नापास माल पुढे जाऊ द्यायचा नाही, आयुष्यात एवढंच शिकलोय."

वहिनींना अजून एकदा प्रयत्न करायचा होता, आणि नवरा तर असा.

रिपोर्ट आला. शुक्रजंतू फारच कमी. बाईंनी विचारलं, "नमुना सगळा दिला होतात ना?"

"छे. अर्धा."

"सांडला का?"

"सांडेल कसा? साक्ष नमुना काढून ठेवला. आमच्याकडे नियमच आहे. पहिला निघालेला माल सीलबंद कपाटात, उरलेला तपासणीला. उद्या वाद झाला तर दाखवायचं काय?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो, जंतू बहुतेक पहिल्याच भागात असतात."

"असणारच. पहिला माल लक्ष देऊन काढलेला असतो."

"आणि आहे कुठे तो?"

"कारखान्यात. कुलूप आहे, काळजी नसावी."

हा संवाद मला नवरा-बायकोने वेगवेगळा सांगितला. वहिनींच्या सांगण्यात बाई तोंडाला रुमाल लावून बाहेर गेल्या. भाऊंच्या सांगण्यात त्या प्रभावित झाल्या.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना साक्ष कपाट उघडायला लावलं. दहा आणि बारा मिलिमीटरच्या बोल्टांमध्ये एक छोटी बाटली, बुचाला लाख, गळ्यात चिठ्ठी: 'आकार बारीक. नग मोजलेले नाहीत. तपासनीस स्वतः.'

मला हसू आवरेना. भाऊ शांतपणे म्हणाले, "दात काढू नकोस. तुझा नमुना कुठे आहे, दाखव."

बाईंनी दुसरा नमुना तीन महिन्यांनी मागितला, कारण भाऊ नुकतेच सणसणीत तापातून उठले होते आणि तापातला माल भरवशाचा नसतो. एक शुक्रजंतू घडायला सत्तर-पंचाहत्तर दिवस लागतात, मग पुढे एका वेटोळ्या नळीत दहा-बारा दिवस राहून तो पोहायला शिकतो.

"एवढे दिवस? आमचा बोल्ट चार मिनिटांत होतो," भाऊ म्हणाले.

"तुमच्या बोल्टाला पोहायचं नसतं," वहिनी म्हणाल्या.

झालं. भाऊंनी आपल्या टेबलामागे तक्ता चिकटवला. रोज चहाच्या सुट्टीत ते एक चौकोन खोडत आणि बातमी देत, "आज शेपूट फुटायला हवं." पुढे पुढे मॅनेजरसुद्धा जाता-येता विचारू लागले, "काय भाऊ, पोहायला लागले का?"

तीन महिन्यांनी नमुना दिला. या वेळी दारापर्यंत वहिनी सोबत होत्या. संख्या उत्तम आली. सुबक घडणीचे मात्र शंभरात पाच.

"म्हणजे पंच्याण्णव नापास," भाऊ खचून म्हणाले.

"चार असले तरी चालतात. तुम्ही पास आहात," बाई म्हणाल्या.

भाऊंना हा पास झोंबला. असला तपासनीस आमच्याकडे दुपारपर्यंत टिकला नसता, असं ते आठवडाभर म्हणत होते.

पण रक्ताच्या तपासणीत खरी गोष्ट निघाली. त्यांच्या गुणसूत्रांत अकराव्या आणि बाविसाव्या जोडीतल्या एकेकाने आपल्या टोकांची अदलाबदल करून घेतली होती. बाई म्हणाल्या, "तुमच्यात सगळं आहे, फक्त जागा बदललीय. म्हणून तुम्हाला काही झालं नाही. शुक्रजंतूत वाटणी होताना मात्र कुठे जास्त जातं, कुठे कमी. तेच दोनदा झालं असणार. पण काहींत वाटणी बरोबर होते. गर्भ रुजवण्याआधीच तपासून घेता येतो. प्रयत्न करायचा का, ते तुम्ही ठरवा."

भाऊ चार दिवस शिक्का न मारता बसून होते. चाळीस वर्षं एक गेजबाहेरचा माणूस जेवतखात, सायकल मारत फिरत होता आणि कोणी अडवलं नव्हतं. त्या चार दिवसांत मी एवढं पॅकिंग केलं की पाठ धरली.

पाचव्या दिवशी त्यांनी खणातून एक पिवळा फॉर्म काढला. गेजमध्ये न बसणारा पण जोडणीत चालणारा माल सवलतीने पास करायचा असेल तर तो भरतात. एकोणीस वर्षांत भाऊंनी तो कोणाला दिलेला मी पाहिला नव्हता. त्यावर दोन सह्या लागतात, तपासनिसाची आणि माल वापरणाऱ्या विभागाची.

फॉर्म ते घरी घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी तो साक्ष कपाटात लागला होता. दोषाच्या रकान्यात भाऊंचं अक्षर: 'दोन टोकांची अदलाबदल.' त्याखाली त्यांची सही. वापरणाऱ्या विभागाच्या जागी वहिनींची सही, आणि 'किती नगांसाठी सवलत' या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं: 'एक. जुळं निघालं तर दोन.'