काचेआडचं ऊन

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, पण एक आधीच बोलून ठेवते — माझी समजूत काढू नका. त्यासाठी मी आलेले नाही.

आमच्याकडे एक सरडा होता. हसा. तिरोड्यातल्या आमच्या गल्लीत सगळेच हसले. परदेशी जातीचा, गळ्याशी काट्यांची दाढी असलेला — बिअर्डेड ड्रॅगन. नागपूरच्या दुकानातून आणला तेव्हा बोटभर पिल्लू होतं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं, आणि 'कुत्रं पाळ, मांजर पाळ' सांगणाऱ्यांचा मला वीट आला होता. म्हणून सरडा. जगाला विचारून पाळायचं असतं का?

दुकानदाराने सगळं नीट सांगितलं होतं. काचेच्या पेटीत एका टोकाला ऊब, दुसऱ्या टोकाला गारवा. रोज जिवंत किडे, पण त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा एकही नको. आणि एक खास दिव्याची नळी — उन्हातल्या ज्या किरणांनी हाडं घट्ट होतात, ते देणारी. ती नळी मी खोक्यातून काढलीच नाही. विदर्भातल्या, तिरोड्याच्या बाईला कुणी ऊन विकावं? मी पेटी खिडकीशी ठेवली. तावदानातून ढीगभर ऊन यायचं. ते किरण काचेतून आत येत नाहीत, हेही त्याने सांगितलं होतं. मी विसरले नव्हते — मला पटलं नव्हतं.

किडे आणायचं काम सासूबाईंनी घेतलं. त्या केशोरी गावच्या, सगळा जन्म धानाच्या बांध्यांमध्ये, भाताच्या खाचरांत गेलेला. तिथून, धाकट्या दिराकडून, नुकत्याच आमच्याकडे राहायला आल्या होत्या. सरडा बघून आधी नाक मुरडलं आणि आठवडाभरात त्याला 'बाबू' म्हणायला लागल्या. सकाळीच गावाबाहेर जाऊन नाकतोड्यांची पिल्लं डब्यात भरून आणायच्या. बांधीत औषध मारलंय का, हे शेतमालकाला विचारल्याशिवाय एकही किडा धरायच्या नाहीत. मी सोबत गेलेय. माझ्यासमोर विचारायच्या.

आणि बाबू त्यांच्या तळव्यावर डोळे मिटून पडायचा. माझ्या हातात आला की अंग फुगवायचा, दाढी काळी करायचा. आणला मी, आणि जीव लावला कुणाला? माझा नुसता जळफळाट व्हायचा. हो, सरड्यावरून.

धान कापणीला आला तेव्हा बाबूचे पाय थरथरायला लागले. मागचे पाय ओढत सरकायचा. "काऊन असा करून राहिला व हा?" सासूबाई विचारत राहायच्या. मी गुपचूप नळी काढून लावली, पण फार उशीर झाला होता. गुरांच्या डॉक्टरांकडे एकटीच घेऊन गेले. हाडं मऊ पडलीत, म्हणाले, याला ऊन मिळालेलं नाही. मी म्हटलं, खिडकीत तर असतो. काचेआड ना? त्यांनी विचारलं. मी बाबूला उचलून निघाले. परत येताना ऑटोतच तो गेला.

सासूबाई दारातच उभ्या होत्या. डॉक्टर काय म्हणाले, विचारलं. खरं सांगायला कितीसा वेळ लागला असता?

"विषानं मेला," मी म्हटलं. "तुम्ही आणलेल्या किड्यांवर औषध होतं."

"मी त इचारून आणलो होतो, बाई," एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी जेवल्या नाहीत, आणि दिवाळीच्या आत केशोरीला निघून गेल्या. नवऱ्यालाही मी तेच सांगितलं. तो फोनवर आईला नाही नाही ते बोलला, आणि मी शेजारी उभी राहून चहा गाळत होते.

वाईट होत्या का त्या? मुळीच नाही. मूल नाही म्हणून मला कधी टोचून बोलल्या नाहीत. म्हणजे तीही सबब माझ्याकडे नाही — आणि मी शोधतही नाही. तुम्हाला वाटत असेल, नंतर मी मनात झुरले असेन. नाही झुरले. घर माझं एकटीचं झालं, बरं वाटलं. काय म्हणायचं ते म्हणा.

यंदा मला मुलगी झाली. सासूबाई बघायला आल्या. पाळण्यापाशी आल्याच नाहीत. आधी मोरीत जाऊन साबणाने कोपरापर्यंत हात धुतले आणि ते ओलेच पुढे धरून दारात उभ्या राहिल्या.

"धुतलो, बाई. आता घेऊ का तिले?"

आता तरी सांगावं — आलं होतं मनात. अगदी ओठांपर्यंत आलं होतं.

"अजून एकदा धुवा," मी म्हटलं.

त्या परत मोरीत गेल्या.